वाग्नर ऐकताना खिडकी लावून घ्यावी का?

जुनी_कॅसेट

ऑफिसातल्या एका बाईंना ऐनवेळी कांजिण्या झाल्या आणि त्यांचं बायरॉइटचं, म्हणजे जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरा महोत्सवाचं, तिकीट माझ्या पदरात पडलं. ज्या तिकिटासाठी लोक पूर्वी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, ते मला कांजिण्यांच्या कृपेने! न्युर्नबर्गहून गाडीने तासभराचा रस्ता. टेकडीवर वाग्नरने स्वतःच्या ऑपेरांसाठी बांधून घेतलेलं थिएटर आहे, १८७६ मध्ये उघडलेलं. आत सगळं लाकूड. खुर्च्या अशा, की पहिला अंक संपेतो पाठीचा कणा मोजता यावा. अनुभवी लोक घरून उशी घेऊन येतात, मी आपला स्वेटर दुमडून बसलो. वादक आणि कंडक्टर दिसतच नाहीत, ते रंगमंचाखाली झाकलेल्या खड्ड्यात. आवाज जमिनीतून उगवल्यासारखा येतो.

त्या दिवशी 'ट्रिस्टान उंड इझोल्डे' होतं. माझं पाश्चात्त्य संगीताचं ज्ञान बेताचं, त्यामुळे माझ्या भाषेत सांगतो. सुरुवातीला चार स्वर एकत्र येतात आणि तिथेच लोंबकळत राहतात. एखाद्याने तान घ्यावी, समेच्या अगदी तोंडाशी आणावी आणि सोडून द्यावी. मग पुन्हा घ्यावी, पुन्हा सोडावी. असं जवळजवळ चार तास. शेवटी इझोल्डे ट्रिस्टानच्या प्रेताशेजारी गाते तेव्हा कुठे समेवर आल्यासारखं होतं. मी रडलो. उकाड्याने आधीच घामाघूम होतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

आता खरा मुद्दा. तिथे मध्यंतर तासभराचं असतं. बाहेर लोक ब्राटवुर्स्ट खात, वाइन पीत फिरतात. मीही पाव-सॉसेज घेऊन बागेत गेलो. तिथे वाग्नरच्या पुतळ्याभोवती उंच पाट्या उभ्या आहेत, एकेका पाटीवर एकेक चेहरा. मला वाटलं, गाजलेले गायक असतील. होते गायकच. त्यांतल्या एक ओटिली मेत्झगर-लाटरमान. इथेच एर्डाची भूमिका गायलेल्या, १९४३ मध्ये आउशविट्झच्या नाझी छळछावणीत मारल्या गेलेल्या. दुसरी पाटी, तिसरी पाटी, तेच. बायरॉइटला गायलेले, वाजवलेले आणि ज्यू म्हणून पुढे हाकलले किंवा मारले गेलेले कलावंत. प्रदर्शनाचं नाव 'मूक झालेले आवाज'. हातातलं सॉसेज खाववेना. टाकवेना पण. तेवढ्यात गच्चीवर तुताऱ्या वाजल्या (पुढच्या अंकातली एक धून वाजवून बोलावतात, आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा) आणि मी मुकाट्याने आत गेलो. आत गेलो आणि पुन्हा तितकाच बुडालो, हे लिहिताना लाज वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाग्नरने १८५० मध्ये 'संगीतातील ज्यूपण' असा लेख टोपणनावाने छापला. थोडक्यात मुद्दा असा, की ज्यू माणसाला युरोपातली कुठलीच भाषा आपली नाही, म्हणून त्याच्या गाण्याला आतून काही येत नाही, तो नुसती नक्कल करतो. रोख होता मेंडेल्सझोनवर, जो वारून तीन वर्षं झाली होती, आणि मायरबेअरवर, ज्याने पॅरिसमध्ये वाग्नरला पैसे दिले होते आणि त्याचा 'रिएन्झी' ड्रेस्डेनला लागावा म्हणून शब्द टाकला होता. १८६९ मध्ये तोच लेख, आणखी भर घालून, स्वतःच्या नावाने पुन्हा काढला. म्हणजे तरुणपणी डोकं फिरलं होतं ही पळवाटही बंद.

तर तुम्ही काय करता? असा माणूस आवडला तर?

पिठलंभाकरी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आमची आजी म्हणायची. गाणं ऐका, रडा, घरी या. चारित्र्याचा दाखला मागून कुणी कान उघडतं का?

जुनी_कॅसेट

@पिठलंभाकरी, कूळ मी शोधलंच नाही हो. ऋषीने स्वतः छापून दारात आणून ठेवलंय. तेही दोनदा.

अनवट_निषाद

लेख आवडला, पण समेची उपमा चुकली. सम ही तालातली गोष्ट, इथे प्रश्न स्वराचा आहे. कल्पना करा, तानपुरा चालू आहे आणि गायक शुद्ध निषादावर येऊन थांबलाय. तुमचा सगळा जीव षड्जात अडकलाय. तो षड्ज देत नाही. उलट आधारच सरकवतो, आता भलत्याच षड्जाची आस लागते, आणि तोही देत नाही. 'ट्रिस्टान'मध्ये चाललंय ते हे. शेवटी षड्ज मिळतो तेव्हा रडू येणं साहजिक आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: मला त्या निषादात ज्यूद्वेष ऐकू येत नाही. ज्यांना येतो त्यांचा कान माझ्याहून तयार असेल.

माळरान

निषाद-बिषाद ठीक आहे. हिटलरचा लाडका संगीतकार होता हा. छळछावण्यांत याचं संगीतही लावायचे. त्यावर आपण 'आधार सरकतो' म्हणून माना डोलवायच्या?

तळ्याकाठी

@माळरान, दोन गोष्टींची गल्लत होतेय. हिटलर बायरॉइटला वारी केल्यासारखा जायचा आणि वाग्नरच्या सुनेशी, विनिफ्रेडशी, त्याचा घरोबा होता, हे खरं. पण वाग्नर वारला १८८३ मध्ये, हिटलर जन्मला १८८९ मध्ये. भक्ताचं पाप देवाच्या अंगाला लावायचं तर कुठलाच देव उरणार नाही. वाग्नरची स्वतःची पापं पुरेशी आहेत, उधार आणायची गरज नाही.

छावण्यांचं म्हणाल तर आउशविट्झ-बिर्केनाऊ छावणीतल्या बायकांच्या वाद्यवृंदात अनिता लास्कर-वाल्फिश चेलो वाजवायच्या. तिथल्या नाझी डॉक्टर मेंगेलेने एकदा त्यांना वाजवायला सांगितलं, ते शूमानचं 'ट्रॉयमेराय'. लहान मुलांच्या आठवणींवरची हळवी रचना. मग शूमानवर बंदी घालायची?

(बंदी नको, पण हे कळल्यावर 'ट्रॉयमेराय' मला पहिल्यासारखं ऐकता येत नाही, हेही सांगून टाकते.)

कोपऱ्यातली_खुर्ची

वाखुसा (वाचनखूण साठवली). चर्चा वाचतोय.

भुईगावकर

आमच्या वसईत वाग्नर कोण हे कुणाला माहीत नाही, पण त्याच्याशिवाय लग्न लागलेलं मी पाहिलेलं नाही! हॉलमध्ये नवरा-नवरीची एंट्री झाली की बँडवाले जे 'टँ-टॅ-टॅ-टँ' सुरू करतात ते 'लोहेनग्रिन'मधलं, म्हणजे याच बाबांचं. आणि मिरवत बाहेर पडताना पुष्कळदा जे दणक्यात वाजतं ते कुणाचं? मेंडेल्सझोनचं. ज्याला 'ज्यू म्हणून याला आतून काही येत नाही' म्हणून हिणवलं त्याचंच. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात दोन्ही वाजवली आणि तिथून जगभर ही जोडी रूढ झाली. दीडशे वर्षं हे दोघं एकाच लग्नात राबताहेत, एक आत आणतो, दुसरा बाहेर सोडतो.

पुढे नाझींनी १९३६ मध्ये लाइपझिशमधला मेंडेल्सझोनचा पुतळा हटवला. त्याच्या लग्नाच्या धुनेचं मात्र आमच्या तुतारीवाल्याने काही वाकडं होऊ दिलं नाही.

अवांतर: 'लोहेनग्रिन'मध्ये ते गाणं झाल्यावर काही मिनिटांत नवरा-नवरीचं बिनसतं. नवरी नको तो प्रश्न विचारते आणि नवरा घर सोडून निघून जातो. लग्नात हेच वाजवायचं कुणाला सुचलं देव जाणे. काकाने भावाच्या लग्नात ही माहिती स्टेजवरच्या माइकवरून दिली होती. अजून वहिनी काकांशी नीट बोलत नाही.

पिठलंभाकरी

काकांना साष्टांग नमस्कार _/\_

चहा_उकळतोय

वाग्नर मेला, त्याच्याशी भांडायला सोपं आहे. माझी अडचण जिवंत माणसाची आहे.

आम्ही बर्मिंगहॅममध्ये राहतो. नवऱ्याचे काका इथे सत्तरच्या दशकात आले, फाउंड्रीत कामाला होते. ५ ऑगस्ट १९७६ ला इथल्याच ओडियनमध्ये एरिक क्लॅप्टन या इंग्लिश गिटारवादक-गायकाचा कार्यक्रम होता. दारू पिऊन तो स्टेजवरून सुरू झाला, की परदेशी लोकांनी हा देश भरून गेलाय, इनॉक पॉवेल (स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा पुढारी) बरोबर बोलतो, यांना परत पाठवा, वगैरे. तोंडी आलेले शब्द मी इथे लिहिणार नाही. पॉवेलने ते कुप्रसिद्ध भाषणसुद्धा १९६८ मध्ये याच शहरात ठोकलं होतं. म्हणजे क्लॅप्टन ज्यांना 'परत पाठवा' म्हणत होता त्यांत आमचे काका होते, ओडियनपासून बसने पंधरा मिनिटांवर, रात्रपाळीला.

आणि हा माणूस मोठा झाला तो काळ्या लोकांच्या ब्लूजवर. दोन वर्षांपूर्वीच बॉब मार्लीचं 'आय शॉट द शेरीफ' गाऊन अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेला होता. चिडलेल्या लोकांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं, त्यात तळटीप अशी, की शेरीफला गोळी तू तर घातली नाहीस एरिक, मग कुणी? त्याच पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली.

आता ऐका. त्या रात्रीनंतर जेमतेम महिनाभराने, सप्टेंबर १९७६ मध्ये, प्रेयसी नटूनथटून खाली येईपर्यंत वाट बघत बसला असताना त्याने 'वंडरफुल टुनाइट' लिहिलं. आमच्या लग्नात आम्ही नाचलो ते गाणं. तारखा मला नंतर कळल्या. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मला आधीपासून माहीत होतं. काकांनीच सांगितलं होतं. आणि काका लग्नात समोर बसून टाळ्या वाजवत होते.

मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुझं आवडतं होतं ना.

क्लॅप्टनने २०१८ मध्ये त्या बोलण्याची लाज वाटते असं सांगितलं. बेचाळीस वर्षांनी. काका तोपर्यंत राहिले नव्हते. गाणं मी फोनमधून काढलेलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला मात्र लावत नाही.

तळ्याकाठी

@चहा_उकळतोय, हा प्रतिसाद दोनदा वाचला.

माळरान

@चहा_उकळतोय, मीही. वरचा माझा सूर जरा चढला होता.

रविवारची_झोप

आमच्याकडे वेगळाच तिढा. पोरगं कान्ये वेस्ट हा अमेरिकन रॅपर ऐकतं. २०२२ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध उघड गरळ ओकली, आदिदासने करार मोडला, तेव्हा मी म्हटलं, आता तरी बंद कर. तर म्हणतो, मी फक्त जुने अल्बम ऐकतो, तेव्हाचा कान्ये चांगला होता. म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखं, अमुक सालापर्यंतचं खायला हरकत नाही, पुढचं बुरसलंय!

पण ऐकलं की पैसे त्यालाच जातात ना, थेंब थेंब का होईना? वाग्नरचं तसं नाही, म्हणून मला मेलेले हलकट परवडतात.

पोटमाळा

लांब कशाला जाता? आपल्याकडच्या प्रत्येक क्लासमध्ये पेटीवर जी ठेवलेली असते ती क्रमिक पुस्तकमालिका घ्या. भातखंड्यांचे उपकार मी नाकारत नाही. वाळकेश्वरचा हा वकील गावोगाव हिंडला, घराण्यांच्या पेटाऱ्यात कुलूपबंद असलेल्या चिजा त्याने स्वरलिपीत आणल्या, म्हणून माझ्यासारख्या कारकुनाच्या पोराला शिकता आल्या. पण 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' वाचताना ज्या उस्तादांकडून त्या चिजा मिळवल्या त्यांच्याविषयीचा सूर बघा. गातात बरे, पण शास्त्र कळत नाही, विचारलं तर सांगता येत नाही, असा. वाचताना मला ओशाळल्यासारखं होतं, कारण माझे पहिले गुरू खाँसाहेबच होते. रोज तेच पुस्तक समोर ठेवून शिकवायचे.

टोपणनावाचा नाद इथेही होताच. संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या नावाने.

अनवट_निषाद

@पोटमाळा, वाग्नर आणि भातखंडे एका ओळीत? कमाल आहे. एक अख्ख्या जमातीला कलेतून हद्दपार करू पाहतो, दुसरा विद्या जपली जात नाही म्हणून कावतो. उस्ताद चिजा लपवायचे हे खोटं आहे का?

पोटमाळा

खोटं नाही. एका ओळीत बसवतही नाही. पण चिजा हे ज्यांचं पोट होतं त्यांनी त्या फुकट का वाटाव्यात, हा प्रश्न वकीलसाहेबांना पडलेला दिसत नाही. खाँसाहेबांना मी एकदा विचारलं होतं, तुम्हाला या पुस्तकाचा राग येत नाही का? ते पान उलटत म्हणाले, "ही मारव्याची चीज इथे चुकीची छापलीय, पेन्सिल दे."

मावशीबोली

इस्रायलचा विषय अजून निघाला नाही याचं नवल वाटतं, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नाशी खरी झटापट तिथे झालीय, आणि त्यात आपल्या मुंबईचा माणूस होता.

१९३८ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, त्यानंतर पॅलेस्टाइनमधल्या वाद्यवृंदाने कार्यक्रमातून वाग्नर काढून टाकला. कायदा असा कधीच झाला नाही, पण तो संकेत पुढे पाळला गेला. १९८१ मध्ये झुबिन मेहतांनी तेल अवीवला नेहमीचा कार्यक्रम संपल्यावर लोकांना सांगितलं, की आता 'ट्रिस्टान'चा शेवट वाजवणार आहोत, ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी खुशाल जावं. वाद्यवृंदातल्या दोघांनी वाजवायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, त्यांना मोकळीक दिली. वाजवायला सुरुवात केली आणि गदारोळ. सभागृहातलाच एक द्वारपाल, छळातून वाचलेला, पुढे आला आणि शर्ट वर करून पोटावरचे व्रण दाखवू लागला.

२००१ मध्ये जेरुसलेमला कंडक्टर बारेनबॉइमनेही कार्यक्रम संपल्यावर विचारलं, 'ट्रिस्टान' वाजवू का? अर्धा तास प्रेक्षकांतच वादावादी झाली, काही जण 'फॅसिस्ट' ओरडत दारं आपटून गेले, उरलेल्यांनी ऐकलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. बारेनबॉइम सांगायचा, की पत्रकार परिषदेत कुणाचा तरी मोबाइल वाजला तो वाग्नरच्याच धुनेवर. मोबाइलवर चालतं तर सभागृहात का नाही?

युक्तिवाद बिनतोड आहे, पण मला तो पटत नाही. मोबाइल खिशात असतो, हात घालून बंद करता येतो. भर सभागृहात वाजवलं की त्या द्वारपालाला जायला जागा नाही, त्याची नोकरीच तिथली. 'ज्यांना नको त्यांनी जावं' हे सभ्यपणे म्हटलं तरी उठून जायचं कुणी, तर ज्याला आधीच एकदा घरातून उठवलंय त्याने. मी मेहतांची भक्त आहे, त्यांच्या धैर्याचं कौतुकही वाटतं, तरी त्या संध्याकाळी मी त्या माणसाच्या बाजूने असते.

घरी मात्र मी वाग्नर ऐकते. मनसोक्त.

रविवारची_झोप

म्हणजे प्रश्न काय ऐकतो याचा नसून कुणासमोर ऐकतो याचा आहे, असं?

मावशीबोली

माझ्यापुरता तरी. काकांसमोर ते गाणं लागलं हीच @चहा_उकळतोय यांची खंत आहे ना? गाण्याची नाहीच.

चहा_उकळतोय

हो. अगदी तेच.

जुनी_कॅसेट

सगळ्यांचे आभार. @अनवट_निषाद, चूक मान्य, सम नव्हे, षड्ज.

एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती, आता लिहितो. मी हे विचारायला बसलो ते बायरॉइटमुळे नव्हे. माझ्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ राहतात, ओडेसाहून आलेले, पियानो शिकवतात, ज्यू आहेत. बायरॉइटहून आल्यावर महिनाभर माझ्या घरात दुसरं काही वाजत नव्हतं. उन्हाळा, खिडक्या सताड उघड्या. एकदा जिन्यात भेटले. मीच ओशाळून म्हटलं, माझ्या गाण्याचा त्रास होत असेल ना? ते थोडा वेळ पिशवी सावरत उभे राहिले. मग म्हणाले, "शनिवारी दहा ते बारा माझ्याकडे मुलं येतात, तेव्हा बंद ठेव. एरवी खिडकी लाव."

बस. रागाने नाही, हसूनही नाही. त्यांना नेमका वाग्नर नको होता की मुलांच्या वेळी आवाज नको होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

पिठलंभाकरी

मग लावलीत का खिडकी?

जुनी_कॅसेट

लावली. आत तापमान ३१. बायरॉइटच्या थिएटरची आठवण येते.

कोपऱ्यातली_खुर्ची

इतका वेळ नुसता वाचत होतो. यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

जुनी_कॅसेट

'ट्रिस्टान'चा प्रेल्यूड आणि शेवट हे एकत्र, शब्दांशिवाय वाजवतात, सतरा-अठरा मिनिटांचं प्रकरण. तेवढं ऐका. आवडलं तर पूर्ण ऑपेरासाठी कार्लोस क्लायबर. त्याचे वडीलही कंडक्टर होते, नाझींशी न पटल्याने १९३५ मध्ये जर्मनी सोडून गेले. फुर्टवेंग्लरचं रेकॉर्डिंग अनेकांना जास्त आवडतं, पण तो हिटलरच्या काळात तिथेच राहून कंडक्ट करत होता. ते घेतलंत तर नवा धागा काढावा लागेल.